वरून घाण पाणी येतंय: खात्याकडे तक्रार की हक्काचा दावा?

नदीकाठी जमीन किंवा मासेमारीचा हक्क असला आणि वरच्या अंगाने घाण पाणी यायला लागलं, की दोन वाटा उरतात. प्रदूषण खात्याकडे तक्रार करायची, नाहीतर मालमत्तेच्या हक्कावर थेट दिवाणी दावा लावायचा. या दुसऱ्या वाटेला काही जण ‘सरकारशिवाय’ प्रदूषण रोखणं म्हणतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

खात्याची वाट स्वस्त आहे. वकील लागत नाही, प्रयोगशाळा त्यांचीच असते. शेताशेतांतून खत वाहून येत असेल तर दावा तरी कोणावर लावणार? तिथे नियमच हवेत, हे मला मान्य आहे.

मला खटकलं ते खात्याच्या उत्तरातलं एक वाक्य: ‘विसर्ग परवानगीच्या मर्यादेत आहे.’ ओढ्यातल्या दगडांवर राखाडी, बुळबुळीत थर चढला होता, गुरं पाण्याला तोंड लावत नव्हती. पण नमुना घेतला तो वरच्या कारखान्याच्या पाइपच्या तोंडाशी, माझ्या काठाला कोणी फिरकलंच नाही. कारखान्याने आकडा पाळला का, एवढंच तपासलं गेलं. माझं पाणी बिघडलं का, हे त्या फाइलमध्ये कोणी विचारलंच नव्हतं. दंड झाला असता तरी तो तिजोरीत गेला असता.

दाव्यात सुरुवातच त्या प्रश्नापासून होते. न्यूयॉर्कमध्ये व्हेलन नावाच्या शेतकऱ्याचं नुकसान वर्षाला 100 डॉलर धरलं गेलं होतं. समोर 10 लाखांहून जास्त डॉलर खर्चून उभारलेली, ओढ्यात घाण सोडणारी कागदाच्या लगद्याची गिरणी आणि तिचे चारपाचशे कामगार. तरी 1913 मध्ये मनाई हुकूम, म्हणजे घाण सोडणं थांबवा असा न्यायालयाचा आदेश, व्हेलनलाच मिळाला. कोणाला हे कठोर वाटेल. पण असा हुकूम हातात असला की घाण सोडणाऱ्याला तुमच्या दारात येऊन बोलणी करावी लागतात. इंग्लंडमध्ये डर्बीच्या हौशी मच्छीमारांनी 1952 मध्ये कारखान्यासोबत थेट नगरपालिकेच्या सांडपाण्यावरही मनाई मिळवली. एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी संस्थेला असं धरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दाव्याच्या वाटेला ‘सरकारशिवाय’ म्हणतात ते शब्दशः खरं नाही, न्यायालय लागतंच. पण ते हक्क कोणाचा एवढं ठरवतं. घाण किती चालेल हे काठमालक ठरवतो.

दावा अडतो तो पुराव्यावर. शिकागोच्या सांडपाण्यामुळेच विषमज्वर पसरला, हे मिसूरी राज्याला 1906 मध्ये सिद्ध करता आलं नाही. भूजलात तर माग काढणं आणखी अवघड. खर्चही एकट्याला झेपत नाही. इंग्लंडच्या मच्छीमारांनी 1948 मध्ये संघटना काढून तो वाटून घेतला, तसे काठावरचे शेजारी जोडता आले तर बरं.

माझ्या बाबतीत एकच पाइप होता, म्हणून मला दावा सोयीचा पडला. निकालाआधीच तडजोड झाली: कारखान्याने निवळण टाकी बांधायची, टाकी धुण्याआधी मला कळवायचं, आणि तोवरची भरपाई द्यायची. ती घडवली पाण्याच्या नमुन्यांनी. वकील गाठायच्या आधी पाइपच्या वरचा आणि खालचा नमुना एकाच दिवशी, साक्षीदारांसमोर, सीलबंद करून घ्या.