तारेचा सेन्सर की फॉस्फर प्लेट?

दातांच्या एक्स-रेची फिल्म धुण्याची काळी पेटी, डेव्हलपर-फिक्सरचे डबे आणि बोटांवरचे तपकिरी डाग यांना निरोप द्यायचा, इथपर्यंत बहुतेक दंतवैद्यांचे आता एकमत झालेले असते. अडते ते त्यापुढे. ज्याला आपण सरसकट आरव्हीजी (रेडिओव्हिजिओग्राफी) म्हणतो तो, चित्र थेट संगणकात पाठवणारा तारेचा सेन्सर घ्यावा, की चित्र साठवून ठेवणारी फॉस्फर प्लेट आणि ते वाचणारा तिचा स्कॅनर घ्यावा, हा प्रश्न मला अनेक तरुण सहकारी विचारतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तिथे मी आधी साडेचार वर्षे सेन्सर वापरला आणि गेली तीन वर्षे मुख्यतः प्लेट वापरतो आहे.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सेन्सर हमखास बाजी मारतो, कारण बटण दाबताच चित्र पडद्यावर उमटते आणि प्लेट मात्र तोंडातून काढून स्कॅनरपर्यंत न्यावी लागते. त्यावरून प्लेट म्हणजे मागच्या पिढीचे तंत्र, अशी एक समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः फ्रान्सिस मुयाँ यांचा सेन्सर फ्रान्समधून १९८०च्या दशकातच बाजारात आला होता, तर दातांसाठीच्या प्लेटची डिगोरा ही पद्धत १९९४ची, म्हणजे वयाने प्लेटच धाकटी आहे.

रूट कॅनालच्या कामात सेन्सर सरस आहे, हे मी आधीच मान्य करतो. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावलेला आहे, कॅनालमध्ये, म्हणजे मुळातल्या नळीत, फाइल (ती साफ करणारी बारीक सुई) आहे आणि वर्किंग लेंथ, म्हणजे त्या नळीची कामापुरती लांबी, पाहायची आहे, अशा वेळी खुर्चीवरून न उठता चित्र दिसणे आणि सेन्सर जागचा न हलवता ट्यूबचा कोन थोडा बदलून दुसरे चित्र घेता येणे, ही सोय प्लेट देऊ शकत नाही. ज्यांचा दिवस रूट कॅनालमध्येच जातो, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

माझे मत फिरवले ते खालच्या दाढांनी. मोठ्या माणसांसाठी नेहमी लागणारी दोन नंबरच्या मापाची प्लेट साधारण ३१ बाय ४१ मिलिमीटरची असते आणि चित्र जवळजवळ तिच्या कडेपर्यंत येते. सेन्सरचे बाहेरचे माप तेवढेच किंवा थोडे अधिक असले, तरी चित्राची जागा आवरणामुळे आत सरकते; शिवाय जाडी सुमारे पाच मिलिमीटर आणि पाठीवर तारेचा उंचवटा. जिभेखालची जागा उथळ असली की हा कडक चौकोन खाली उतरत नाही, रुग्णाला सेन्सर धरणारा होल्डर पूर्ण चावता येत नाही, आणि पडद्यावर दाढेचा माथा ऐटीत दिसतो पण मुळाचे टोक, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, नेमके कापले गेलेले असते. एका आजीबाईंच्या खालच्या दुसऱ्या दाढेसाठी मी तीन वेळा बटण दाबले. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, लई टोचतंय वो, राहू द्या तो फोटू.” टोक तिसऱ्या चित्रातही आले नव्हते.

त्या संध्याकाळी संगणकातील जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा एकाच दाढेची एकाच दिवशीची दोन-दोन, तीन-तीन चित्रे पाहून मी ओशाळलो. फिल्मच्या काळात ती धुवायला वेळ लागे, म्हणून पहिल्याच वेळी आपण कोन जपून लावत असू. सेन्सरने तो वेळ वाचवला आणि त्याबरोबर तो जपूनपणाही नेला. एका चित्राला किरणे कमी लागतात हे खरे, पण चित्रेच तीन घेतली तर बचत कुठे उरली? अर्थात, माझ्यापेक्षा कुशल हातांना हा त्रास कमी होत असेल.

प्लेटने हा त्रास पुष्कळ कमी केला. ती फिल्मसारखी पातळ असल्याने जिभेखाली सरकते आणि लहान मुलेही ती निमूट धरतात. तिचे दोष मात्र लपवून ठेवण्यासारखे नाहीत. प्लेटवर ओरखडा उठला की चित्रात पांढरी रेघ येते. अशी एक बारीक रेघ नेमकी मुळावर दिसली, तेव्हा आत फाइल तुटली की काय, या विचाराने मला घाम फुटला होता. पुढच्या रुग्णाच्या चित्रात तीच रेघ त्याच जागी आली, तेव्हा जीव भांड्यात पडला आणि ती प्लेट बाद केली. दुसरे असे, की गरजेपेक्षा जास्त किरणे दिली तरी प्लेटचे चित्र चांगलेच दिसते, त्यामुळे फिल्मच्या वेळचा टायमर तसाच राहून जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तो पहिल्याच दिवशी कमी करून घ्यावा.

एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नोंदणीमुळे निवडीत फरक पडत नाही, कारण नोंद एक्स-रे यंत्राची असते आणि ते दोन्हीकडे तेच. खर्चाचा हिशेब प्रत्येकाचा निराळा. परंतु सेन्सरची तार मानेपाशी तुटली, तेव्हा बदली येईपर्यंत माझे सगळे एक्स-रे बंद होते, आणि प्लेट खराब झाली की एक प्लेट जाते, एवढे नमूद करतो.

तो बदलून आलेला सेन्सर आता खणात असतो आणि रूट कॅनालपुरता बाहेर निघतो. ज्यांच्याकडे माझ्यासारखी मुले, म्हातारी माणसे आणि अक्कलदाढा यांची सरमिसळ असते, त्यांनी आधी प्लेट घ्यावी आणि सेन्सरचे पुढे पाहावे, असे निदान मला तरी वाटते. स्कॅनर मात्र खिडकीपाशी ठेवू नये. पाकिटातून काढलेल्या प्लेटवर उजेड पडला की चित्र पुसट होते. माझी संध्याकाळची चित्रेच फिकी का येतात, हे पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावेपर्यंत मला उमगले नव्हते.