बाबांचं चावीचं घड्याळ की नाजूक लेडीज घड्याळ?

ऐरोलीला नोकरीला लागले तेव्हा माझ्या मनगटावर २६ मिलिमीटरचं सोनेरी लेडीज घड्याळ होतं. साडीवर ते आजही सुंदर दिसतं. पण ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून त्यावरची वेळ वाचायची म्हणजे डोळे बारीक करावे लागतात, आणि साखळी सारखी ओढणीत अडकते.

आता रोज बाबांचं जुनं एचएमटी घालते. १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूत घड्याळं बनवू लागलेली हीच ती एचएमटी. बाबांचं घड्याळ साधारण ३५ मिलिमीटरचं. हल्लीची ४२ मिलिमीटरची पुरुषी घड्याळं माझ्या बारीक मनगटाला जड होतात, हे नेमकं बसतं. तुम्ही घेणार असाल तर नुसती तबकडी बघू नका. पट्टा जिथे जोडतात ती वरची-खालची टोकं मनगटाबाहेर गेली, की घड्याळ उसनं आणल्यासारखं वाटतं. पट्टा मी नौपाड्यातल्या घड्याळजीकडून आखूड करून घेतला.

आपण बाबांच्या घड्याळासारख्या घड्याळांना पुरुषी म्हणतो खरं, पण मनगटी घड्याळ आधी बायकांचाच दागिना मानला जाई. पुरुष खिशात घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ते हातावर बांधलं आणि मग ते पुरुषांमध्ये रुळलं.

रोज चावी द्यावी लागते, त्याचं मला काही वाटत नाही. पाण्याचं मात्र भय आहे. म्हणून जून ते सप्टेंबर पुन्हा लेडीज घड्याळ, तेही पर्समध्येच.