रॅम्प आठ महिने वापरला, पैसे वसूल केले ते फळीने

महूच्या पलीकडे आमचं वराहपालन आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायरची सव्वाशेक जनावरं. (इंदुरातल्या आजेसासूबाई अजूनही पाहुण्यांना "डेअरीसारखं काहीतरी" असंच सांगतात.) माल धुळ्याकडे जातो. जानेवारीत गाडीत चढवण्यासाठी चाकांचा लोखंडी रॅम्प करून घेतला, साडेअठरा हजारांना. डुकरं हाकताना आडव्या धरायला उरलेल्या प्लायवुडच्या दोन फळ्याही कापून घेतल्या, हात घालायला वर भोकं पाडून.

वेल्डरने रॅम्प सहा फुटी केला. पिकअपची पाठ अडीच फुटांवर, म्हणजे चढ जवळपास 25 अंशांचा. शंभर किलोचं डुक्कर दोन पावलं चढायचं आणि बसकण मारायचं. 20 अंशांच्या वर जाऊ नये, हे शहाणपण मागाहून आलं. पुन्हा पैसे ओतून आठ फुटी केला. आडव्या पट्ट्या फुटाफुटावर होत्या, खूर सटकायचे. मध्ये आणखी मारून त्या वीतभर अंतरावर आणल्या. पत्रा वाजतो तो वाजतोच, म्हणून वर जुनी रबरी चटई टाकली.

फळीचं मात्र काय सांगू! डुकराला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, आणि जिथे फट दिसेल तिथे ते घुसतं. काठी मारली की उलटं फिरून मागच्यांवर आदळायचं. फळी आडवी धरली की त्याच्या लेखी तिथे भिंतच, मग मुकाट पुढे चालतं. एका वेळी पाचच न्यायची. एकदा रॅम्पच्या तोंडाशी सगळी खिळल्यासारखी उभी. मी खाली वाकून पाहिलं तर गाडीच्या फाळक्याची साखळी लोंबत होती, टॉर्चच्या उजेडात चमकत होती. साखळी आत टाकली, लगेच चालू पडली. अंधाऱ्या गाडीतही शिरत नाहीत. आत एक बल्ब लावतो, पण डोळ्यांवर येणार नाही असा.

मेमध्ये फसलो. पहाटे चारची गाडी अकराला आली. एक डुक्कर तोंड उघडून धापा टाकत बसलं, अंगावर लाल चट्टे. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, तापलं की तापलंच. गड्याची काठी मी हातातून काढून घेतली, डुकराला सावलीत ठेवून थोडं थोडं पाणी मारलं, ते वाचलं. बाकीची मात्र पाठवली, ही माझी चूक. मानपूरचा घाट उतरून निमाडात गेलं की गरमी आणखी वाढते. धुळ्याला एक मेलेलं उतरलं. व्यापाऱ्याने पूर्ण पैसे कापले आणि वर मलाच ऐकवलं, गाडी उशिरा त्याचीच.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळचं खाणं बंद, पाणी चालू. भरणं रात्री तीनला. आठच्या आत गाडी वाटेतलं सेंधवा ओलांडते. पूर्वी बारा कोंबायचो, आता दहाच.

रॅम्पला पाचपैकी तीन. पावसात चाकं गंजून जाम झाली आहेत. फळीला पाच. एक फळी गेल्या आठवड्यात डुकरांनी कोपऱ्यातून कुरतडली, नवी कापायला टाकलीय.