आर्डुइनो स्टार्टर किट: बोर्ड टिकला, वायरींनी छळलं

बरेच महिने वापरून झाल्यावर लिहितोय, कारण बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलेले रिव्ह्यू सगळे पाच स्टारच असतात. आर्डुइनो म्हणजे कॉम्प्युटरवर कोड लिहून दिवे, सेन्सर, मोटरी चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि किटमध्ये तो बोर्ड नि बाकीचे सुटे भाग येतात. घेतलं होतं लेकीसाठी, ती आठवीत आहे, पण खरं सांगायचं तर रात्री जेवण झाल्यावर मीच जास्त वेळ घेऊन बसतो.

आधी बोर्डाबद्दल. ऊनो या आर्डुइनोच्या मॉडेलचा क्लोन, म्हणजे नक्कल आहे, ओरिजिनल नाही. आर्डुइनोचं डिझाइन ओपन सोर्स असल्यामुळे क्लोन म्हणजे काही चोरीचा माल नव्हे, फक्त त्यावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते आणि काही कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तेवढं केलं की झालं. कोड चालवणारी मुख्य चिप मात्र तीच, एटीमेगा३२८पी, ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम, म्हणजे आजच्या हिशोबाने काहीच नाही, पण घरातल्या उद्योगांना पुरून उरते. बोर्डाने आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

दगा दिला तो वायरींनी. भाग एकमेकांना जोडायच्या जंपर वायरी इतक्या सुमार की पिन आतल्या आत सैल होते, वरून काही दिसत नाही, एलईडी कधी लागतो कधी नाही आणि आपण बसतो कोड तपासत. त्यात ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीच्या, कडेच्या लाल-निळ्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मध्येच तुटक असतात, आमच्यात आहेत, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. म्हणून माझं मत असं, की किटच्या आधी एक साधा मल्टीमीटर घ्या, बीप वाजवून कनेक्शन दाखवणारा. करंट कमी करणारे रेझिस्टर ओळखायलाही तोच लागतो, कारण किटमधले निळे, पाच पट्ट्यांचे असतात आणि त्यांच्यावरचा लाल आणि तपकिरी रंग ट्यूबलाइटखाली अगदी सारखा दिसतो. २२० ओहमच्या जागी २२ किलोओहम लावला तर एलईडी जेमतेम मिणमिणतो आणि पोरांना वाटतं एलईडीच खराब.

सेन्सरमध्ये सगळ्यात वसूल झाला तो एचसी-एसआर०४, अंतर मोजणारा. ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू येत नाही, तो आपटून परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो, त्याला ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये. भिंतीवर एकदम चोख. पण उशीसमोर धरला की आकडे वेड्यासारखे उड्या मारतात, तिरक्या धरलेल्या पुठ्ठ्यासमोरही तेच. लेकीने विचारलं असं का, तर उशी आवाज पिऊन टाकते आणि तिरका पुठ्ठा तो भलतीकडे पाठवतो, एवढं तिचं तिलाच सुचलं. मग तापमानावर गाडी गेली. २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशाला ३५२ च्या आसपास, म्हणजे दोन मीटरच्या मापात पाचेक सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. पुस्तिकेत यातलं अक्षर नाही, तिथे फक्त कुठली वायर कुठे खोचायची तेवढंच.

मातीचा ओलावा मोजणारा दोन पायांचा सेन्सर मात्र अगदी टाकाऊ. ओल्या मातीत सतत करंट गेला की इलेक्ट्रोलिसिस होऊन त्याचा एक पाय गंजतो. आमचा कुंडीत काळा पडून खरवडल्यासारखा झाला, दुसरा पाय जवळपास नवा. त्याला कायमचा ५ व्होल्ट न देता डिजिटल पिनवरून फक्त रीडिंगपुरता दिला तर बराच टिकतो, पण खरा उपाय कपॅसिटिव्ह सेन्सर, त्याचा धातू उघडा नसतो. त्याच्याही वरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भागाला नेलपॉलिश फासून घ्या. डीएचटी११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर तापमानात दोन अंश इकडे-तिकडे सांगतो, खोलीच्या अंदाजाला ठीक.

सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) बोर्डाच्याच ५ व्होल्टवर चालवा असं पुस्तिकेत आहे, ते करू नका. मोटर अडली की इतका करंट ओढते की बोर्ड रीसेट होतो, आणि मोटर थरथरत बसते ती वेगळीच. तिला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र सप्लाय आणि बोर्ड दोघांचा जोडलेला हवा. किटमधली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी हा तर निव्वळ विनोद आहे, ५ च्या वरचे व्होल्ट बोर्डावर नुसते उष्णता होऊन जातात आणि बॅटरी एका दिवसात मान टाकते. मोबाइलचा चार्जर लावा, सुखी राहाल.

घ्यावं का? मूल दहा-बाराच्या पुढचं असेल आणि घरात कोणीतरी सोबत बसणारं असेल तर नक्की घ्या, एकट्याने पुस्तिका बघत बसलं तर तिसऱ्या प्रोजेक्टला किट कपाटात जातं. चार स्टार देतोय, एक कापला तो वायरींमुळे. वायरी वेगळ्याच मागवा आणि त्यात मेल-फिमेल (एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक) जास्त घ्या, किटमध्ये मेल-मेलचा ढीग असतो आणि सेन्सर ब्रेडबोर्डपासून लांब न्यायचा म्हटलं की नेमक्या दुसऱ्याच लागतात.