मशरूमच्या कॅप्सूल आणि आमचे ४५ हजार

धाकट्या भावाच्या डोळ्यांदेखत मोहोळजवळ हायवेवर त्याचा मित्र गेला. तेव्हापासून झोप उडाली. ट्रकचा हॉर्न वाजला की अंग थरथरायचं. मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. फरक पडत होता, पण हळूहळू, आणि घाई आम्हाला होती.

चादरीच्या कारखान्यातल्या ओळखीतून जुळे सोलापुरातला एक 'थेरपिस्ट' कळला. फ्लॅटमध्ये अगरबत्ती, मंद संगीत. त्यानं मोबाईलवर बातमी दाखवली: ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून मानसिक आघातावर एमडीएमए (एक्स्टसी म्हणून विकतात ती नशा) आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मशरूममधलं सायलोसायबिन देता येतं. बातमी खरी होती, तिथंच आम्ही फसलो. सगळंच खोटं बोलला असता तर आमच्या हिनं त्याला दारातच ओळखलं असतं.

तिथंही खास मंजुरी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञच हे देऊ शकतात, हे त्यानं गाळलं. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएच्या उपचाराला मान्यता नाकारली, हेही. आपल्याकडे तर दोन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात.

तीन बैठकांचे ४५ हजार, रोख. पावती नाही.

आधी त्यानं चालू गोळ्या एकदम बंद करायला लावल्या. आठवड्यात चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. "विष बाहेर पडतंय," म्हणाला. परदेशातल्या चाचण्यांत औषध दिल्यावर सहा-आठ तास प्रशिक्षित माणसं पेशंटजवळून हलत नाहीत, हे मी नंतर वाचलं. इथं हा गॅलरीत फोनवर आणि आत भाऊ उलट्या करत रडतोय. कॅप्सूलमध्ये काय होतं, देव जाणे.

दुसऱ्या बैठकीला गेलोच नाही. पैसे परत मागितले तर म्हणाला, "जावा की पोलिसांत. माल कुणाच्या पोटात गेला?" त्या एका वाक्यावर आम्ही दोन महिने गप्प बसलो. भाऊ अडकेल, नातेवाइकांत बोभाटा होईल... त्याचा धंदा याच भीतीवर चालतो.

शेवटी भावाला जुन्या डॉक्टरांकडे नेलं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त गोळ्या बंद केल्याची तारीख दोनदा विचारली आणि औषध नव्यानं, कमी डोसपासून सुरू केलं. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, हेही त्यांनीच सांगितलं.

फ्लॅटला आता कुलूप आहे. नंबर मात्र चालू आहे, डीपीवर तोच मशरूमचा फोटो.