डावा पट्टा बोटभर सरकतो: १६ किलो वजन आणि सात महिन्यांच्या वापरानंतर

दोन आठवड्यांपूर्वी सरावाच्या मार्चमध्ये चौदाव्या किलोमीटरला माझ्या सॅकच्या कंबरपट्ट्याचं बकल तुटलं. 'कट्' असा बारीक आवाज आला आणि त्याच पावलाला सोळा किलो वजन दोन्ही खांद्यांवर आदळलं. उरलेले पाच किलोमीटर पट्ट्याची टोकं पोटावर गाठ मारून चालले. घरी पोचले तेव्हा डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: "वापरातली झीज हमीत बसत नाही." म्हणून आज हे लिहायला बसले.

सॅक किती लिटरची, कप्पे किती, कापड कसलं, हे सगळं तुम्हाला कंपनीच्या पानावर सापडेल. ही बाहेरच्या धातूच्या सांगाड्याची मोठी सॅक आहे. लष्करी प्रशिक्षणाला जाण्याआधी लांब मार्चची सवय व्हावी म्हणून मी ती पैसे साठवून घेतली. पुढे निकष कोणता लागेल ते माहीत नसल्यामुळे अमेरिकी पायदळाची मोजपट्टी धरली: १२ मैल, ३५ पौंड, ३ तास. म्हणजे साधारण १९.३ किलोमीटर आणि १६ किलो. एका किलोमीटरला ९ मिनिटं २० सेकंद. रिकाम्या हातांनीही ही चाल भरभर चालण्याची आहे.

आता डाव्या पट्ट्याबद्दल. खांद्याच्या पट्ट्याचं खालचं टोक जिथे प्लास्टिकच्या पट्टीबकलातून ओवलेलं असतं, तिथून ते सरकतं. एकदम सुटत नाही. दर पावलाला सॅक किंचित वर उचलली जाते, त्या क्षणी पट्टा ढिला पडतो आणि केसभर मागे जातो. पंधरा मिनिटांत बोटभर. उजवा जागच्या जागी, डावा खाली. मग सॅक डावीकडे झुकते, आपण उजवीकडे झुकून तोल सावरतो, आणि तासाभरात उजव्या कमरेत कळ येते. घामाने नायलॉन भिजलं की सरकणं आणखी वाढतं.

पहिले चार महिने मी दर मार्चला हे वहीत टिपलं. एका मार्चमध्ये पट्टा ओढायला ११ वेळा थांबले होते. दर वेळी पाऊण मिनिट, म्हणजे सव्वाआठ मिनिटं. त्या दिवशीची माझी वेळ ३ तास ७ मिनिटं होती. गणित स्पष्ट दिसत होतं: पट्टा सरकला नसता तर मी तीन तासांच्या आत आले असते. त्या रात्री मी या सॅकला एक तारा द्यायचं ठरवलं होतं.

सगळे उपाय करून पाहिले. पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली, पण ती बकलापर्यंत येईस्तोवर पट्टा तळहाताएवढा सैल व्हायचा. रबरबँड दोन तासांत तुटला. सेफ्टी पिनने कापड फाटायला लागलं. शेवटी उपयोगी पडलं ते सगळ्यात साधं: पट्ट्याचं मोकळं टोक उलटं फिरवून त्याच बकलातून पुन्हा एकदा ओवायचं. दुहेरी पट्ट्याची पकड बसते. तोटा एवढाच की चालताना एका हाताने सैल-घट्ट करता येत नाही, म्हणून लांबी घरीच नक्की करून निघावं लागतं.

इथे मला माझं मत बदलावं लागलं, आणि ते का बदललं हे नीट सांगते. पट्टा सरकायचा थांबला तरी पुढच्या मार्चची वेळ आली ३ तास ४ मिनिटं. सव्वाआठ मिनिटं वाचायला हवी होती, वाचली तीनच. वही पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की त्या ११ थांब्यांमध्ये मी पाणी पीत होते, श्वास घेत होते. थांबे गेल्यावर पाणी कमी प्यायले आणि शेवटच्या पाच किलोमीटरला चाल पडली. पायी चालणाऱ्या तुकड्यांत दर तासाला पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं विश्रांती असा जुना रिवाज आहे, तो उगाच नाही. वेळ लावून चालताना दहा मिनिटं परवडत नाहीत, पण ठरवून घेतलेले दोन छोटे थांबे परवडतात.

दुसरा शोध त्याहून मोठा होता. डावाच पट्टा सरकतो याचं कारण शोधताना लक्षात आलं की मुळात खांद्यांवर इतका भार येतोच कशाला? मानेच्या तळाशी जे टोकदार हाड हाताला लागतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत माझी पाठ ४१ सेंटिमीटर भरली. सॅकचा सांगाडा ४८ च्या पाठीसाठी बांधलेला. त्यामुळे खांद्याचे पट्टे अंगाला बसवले की कंबरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली नितंबांवर उतरायचा. तिथे त्याला आधारच नाही. तो नुसता घट्ट व्हायचा, भार घ्यायचा नाही.

सांगाड्याला खाली आणखी एक आडवी दांडी आहे. बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी खांद्याचे पट्टे वरच्या दांडीवरून काढून त्या दांडीवर बसवून दिले. अर्ध्या तासाचं काम. कंबरपट्टा हाडावर बसल्यावर पहिल्या शंभर पावलांतच फरक कळला: खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. हे कंपनीने माहितीपत्रकात दोन ओळींत लिहिलं असतं तर माझे चार महिने वाचले असते. माझा खरा राग यावरच आहे.

आणि हा विषय फक्त सोयीचा नाही. खांद्याच्या पट्ट्यांनी मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा तासन् तास दाबल्या जाणं ही सैनिकांमध्ये ओळखीची दुखापत आहे. आधी बधिरपणा, मग हातातली शक्ती जाते, काहींचं खांद्याचं पातं मागे उचकटल्यासारखं दिसायला लागतं. सांगाडा आणि नीट बसलेला कंबरपट्टा असेल तर हा धोका घटतो. म्हणून त्या दिवशी बोटं बधिर झाली तेव्हा मी घाबरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संवेदना पूर्ण परत आली, तरी दोन आठवडे वजन उचललेलं नाही. तुमच्या बाबतीत असं दोन दिवसांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जा.

सॅक भरण्याबद्दल थोडं. सुरुवातीला मी वाळूच्या पिशव्या नुसत्याच आत टाकायचे. त्या तळाशी बसायच्या आणि सॅक मागे ओढायची. आता तळाला अंथरूण-कपडे, त्यावर पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर वाळू, आणि बाकीच्या जागेत टॉवेल कोंबलेले. काही वजन पाण्याच्या बाटल्यांत ठेवते, कारण वाटेत पाय दुखावला तर पाणी ओतून देता येतं.

वजन आठ किलोपासून सुरू केलं. आठवड्यातून एकच मार्च, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वजन तरी, नाहीतर अंतर. दोन्ही एकदम वाढवलं त्या महिन्यात पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबलं की दुखायचं. तीन आठवडे सक्तीची सुट्टी घेतली. सैनिकांच्या पावलांतल्या अशा दुखण्या-सुजेचं वर्णन ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केलं होतं. त्याला क्ष-किरण उपलब्ध नव्हते. पुढे कळलं की ती पावलाच्या लांब हाडांतली बारीक चीर असते, आणि आजही तिला 'मार्च फ्रॅक्चर'च म्हणतात. चालताना दुखणं कमी होत जाण्याऐवजी वाढत गेलं तर थांबायचं. यात जिद्द दाखवू नका.

बुटांवर मी सॅकपेक्षा कमी विचार केला, ही चूक झाली. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार-पाच पट महाग पडतं, कारण ते दर पावलाला उचलावं लागतं. हलके बूट घेतल्यावर जो आराम मिळाला तो सॅकमधून दोन किलो काढूनही मिळाला नसता. मोजे पातळ आतून, जाड वरून. टाचेला गरम वाटायला लागलं की तिथल्या तिथे पट्टी. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा फारसा उपयोग नाही.

कधी कधी वाटतं, एका पट्ट्याचं एवढं काय? मग रोमन सैन्यातल्या नवशिक्यांची गोष्ट आठवते. जुना रोमन लष्करी लेखक व्हेजेटियस लिहितो की त्यांना साठ रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे वीसेक किलो, पाठीवर घेऊन लष्करी चालीने चालायला शिकवावं. प्रशिक्षणात हाताला जी सॅक लागेल तीच घ्यावी लागणार, तेव्हा तिला आपल्या पाठीला जुळवून घेणं आत्ताच अंगात मुरायला हवं. म्हणूनही मी दुसरी सॅक विकत घेतली नाही.

दांडी बदलल्यावर सहा आठवड्यांत वेळ २ तास ५७ मिनिटांवर आली. बकल तुटलं ते त्याच्या पुढच्या मार्चला. तुटलेला तुकडा उजेडात धरला तेव्हा दात्याच्या मुळाशी पांढरट रेघ दिसली. प्लास्टिक तिथे आधीपासूनच थकलेलं होतं, मी पाहिलं नव्हतं. तुमच्या सॅकचं बकल आज रात्री दिव्याखाली बघा. अशी रेघ दिसली तर ते बदलूनच बाहेर पडा.

कंपनीला मी दुसरं पत्र पाठवलं. सुटं बकल विकत द्या, फुकट नको, एवढीच मागणी. तेही स्वतंत्र मिळत नाही म्हणाले. काकांनी दुसऱ्या जुन्या सॅकचं रुंद बकल काढून शिवून दिलं, आणि त्याच मापाचं आणखी एक मला हातात दिलं. ते आता वरच्या कप्प्यात, दोन मीटर दोरीसोबत असतं.

तारे: सांगाड्याला आणि कापडाला चार, पट्टीबकलांना एक, कंपनीच्या उत्तरांना शून्य. बोटं ठीक राहिली तर पुढच्या रविवारी दहा किलो घेऊन आठ किलोमीटर चालणार आहे. डाव्या पट्ट्यावर पेनाने खूण केली आहे. सरकला तर इथेच खाली लिहीन.