कर्नलची माहिती मिळवताना: प्रॉक की ईबीपीएफ?

लिनक्सवर प्रक्रिया, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, दाखवणारी ‘टॉप’ आणि ‘पीएस’ ही साधने ‘प्रॉक’ या आभासी फाइलप्रणालीतील फाइली वाचतात; त्या डिस्कवर कोठेही नसतात, तर वाचण्याच्या क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यांतील मजकूर तयार करून देतो. तेथील ‘स्टॅट’ फाइलीच्या पहिल्या ओळीत यंत्र सुरू झाल्यापासून प्रोसेसरने निरनिराळ्या कामांत घालवलेला वेळ, बहुधा सेकंदाच्या १०० व्या भागांत, मांडलेला असतो. त्यामुळे सध्याची टक्केवारी काढण्यासाठी ही ओळ दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते.

खरी अडचण या दोन वाचनांच्या मधल्या काळात आहे. एखादी स्क्रिप्ट काही मिलिसेकंदच जगणाऱ्या शेकडो प्रक्रिया सुरू करत असेल, तर ‘टॉप’मध्ये प्रोसेसर व्यग्र दिसतो, पण यादीतील कोणत्याही प्रक्रियेच्या नावावर तो वेळ सापडत नाही.

ईबीपीएफ या कर्नलमधील सोयीची वाट उलटी आहे. येथे छोटा प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढवला जातो, कर्नलमधील ‘व्हेरिफायर’ हा तपासनीस तो सुरक्षित असल्याची आधी खात्री करतो, आणि मग नवी प्रक्रिया सुरू होण्यासारखी घटना घडताच तो स्वतः चालून नोंद करतो. ‘एक्झेकस्नूप’ हे साधन त्या अल्पजीवी प्रक्रिया असेच एकेक करून दाखवते. मात्र त्यासाठी विशेषाधिकार लागतात, आणि कर्नलच्या अंतर्गत फंक्शनला जोडलेला प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीत निकामी होऊ शकतो. म्हणून रोजच्या देखरेखीसाठी मी प्रॉकच निवडेन. हिशेब जुळेनासा झाला, की ईबीपीएफ.